ॲम्बियंट अल्बम नीट ऐकायचा कसा: खान्देशातल्या घरांसाठी टप्प्याटप्प्याने

मी ज्यांना ज्यांना ॲम्बियंट अल्बम ऐकायला दिला, त्यांतल्या बऱ्याच जणांचा पहिला निरोप सारखाच असतो: "दादा, फाइल बिघडलेली दिसते. दहा मिनिटं झाली, गाणं सुरूच होईना." फाइल शाबूत असते. गाणंही केव्हाच सुरू झालेलं असतं. पण समोर कुलर धडधडत असतो, मोबाइल उशीवर पालथा पडलेला असतो, आवाज पूर्ण चढवलेला असतो आणि बोट दर मिनिटाला पुढच्या ट्रॅककडे जात असतं. मग पहिला अल्बम हाच शेवटचा ठरतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ऐकणाऱ्याचा कान चांगला असतो, फक्त तयारी झालेली नसते.

या संगीतात ठेका नसतो किंवा नावापुरता असतो. मुखडा नसतो, शब्द बहुधा नसतात. सिंथेसायझरचे लांबवलेले सूर, टेपवर किंवा संगणकात फिरत राहणारे छोटे तुकडे, भोवतालचे आवाज आणि भरपूर घुमारा, एवढ्यावर तासाभराचा अल्बम उभा असतो. फिल्मी गाणं कुलरला पुरून उरतं, हे उरत नाही. म्हणून खालचे निम्म्याहून जास्त टप्पे प्ले दाबण्याआधीचे आहेत. ते गाळून थेट आठव्या टप्प्यावर उडी मारू नका.

## १. आधी वेळ ठरवा, तीही ऋतू बघून

अल्बम बहुधा ४० ते ७५ मिनिटांचा असतो. त्याआधीची २० मिनिटं आणि नंतरची १० धरून पावणेदोन तास मोकळे हवेत. ते कधी मिळतील, हे आपल्याकडे ऋतूवर ठरतं.

सगळ्यात सोपे दिवस दिवाळीनंतरचे, माघ संपेपर्यंतचे. पंखे बंद, कुलर माळ्यावर, खिडक्या लावलेल्या. रात्री साडेनऊनंतर गल्लीही निजलेली असते. पहिला अल्बम याच दिवसांत ऐका, असं मी आग्रहाने सांगेन.

उन्हाळ्यातच ऐकायची वेळ आली तर कुलरचा प्रश्न आधी सोडवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कुलर बंद करून बसा म्हणणं सोपं आहे, बसणं नाही. पण कुलरचा आवाज हा पाणी, पंखा आणि पंप यांचा मिळून खर्जापासून तारेपर्यंत पसरलेला आवाज असतो, आणि ॲम्बियंटमधलं नाजूक काम नेमकं त्याच्याखाली गाडलं जातं. रात्री दहाला कुलर बंद केला तरी स्लॅब आणि भिंती दिवसभराचं ऊन सोडत राहतात, पंधरा मिनिटांत घामाने जीव नकोसा होतो. म्हणून दोनच वेळा कामाच्या. एक, पहाटे साडेचार ते सहा: रात्रभर कुलर चालू ठेवा, उठल्यावर बंद करा, गार खोलीत बसा. पाचनंतर पाखरं बोलायला लागतात, ती या संगीतात खपून जातात. दुसरी, रात्री अकरानंतर गच्चीवर किंवा घराच्या मातीच्या धाब्यावर, बाजेवर बसून, इयरफोन लावून.

पावसाळ्यात घरावर पत्रे असतील तर पाऊस चालू असताना प्रयत्न करू नका. स्लॅबचं घर असेल तर चालतं.

सावध: चैत्र-वैशाखात लग्नतिथी असलेली रात्र टाळा. कॅलेंडर बघायला अर्धं मिनिट लागतं. तीन गल्ल्यांपलीकडच्या डीजेचा खर्ज बंद खिडकीतूनही येतो आणि अल्बमच्या खर्जाशी भांडतो.

सावध: जेवण आणि ऐकणं यांत दीड तास जाऊ द्या. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर खाऊन कोणी बसलं, तर विसाव्या मिनिटाला मान खाली जाते.

## २. अल्बम निवडा, आणि तो अल्बमच आहे ना ते बघा

पहिल्या वेळी फार गडद, घरघरणाऱ्या आवाजांचा अल्बम घेऊ नका. ब्रायन ईनोचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' घ्या. चारच तुकडे आहेत, पहिलाच सोळा-सतरा मिनिटांचा, आणि त्यात पियानो असल्याने कानाला धरायला काहीतरी मिळतं. किंवा स्टीव्ह रोचचा १९८४ सालचा 'स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स', जो सिंथेसायझरचाच आहे. त्याचा शेवटचा तुकडा अर्ध्या तासाला थोडा कमी आहे. ईनोचाच १९८५ सालचा 'थर्सडे आफ्टरनून' म्हणजे एकच ६१ मिनिटांचा सलग तुकडा. तो तिसऱ्या-चौथ्या वेळेसाठी ठेवा.

निवड झाली की एक तपासणी करा. व्हिडिओच्या साइटवर याच नावांची "आठ तासांची", "झोपेसाठी", "हळू केलेली" रूपं सापडतात. तो एखादा तुकडा ताणून किंवा पुन्हा पुन्हा जोडून केलेला असतो. ट्रॅकची संख्या आणि एकूण वेळ मूळ अल्बमशी जुळते का, ते बघा. पुढे नव्याने निघालेल्या आवृत्तीत जास्तीचे ट्रॅक जोडलेले असतील तर ते पहिल्या ऐकण्यातून वगळा.

प्लेलिस्टही नको. वीस कलाकारांचे वीस तुकडे आले की कान दर चार मिनिटांनी नव्या खोलीत ढकलला जातो, आणि या संगीतात एकाच खोलीत बसून राहण्याला महत्त्व आहे.

## ३. फोन तयार करा

याच क्रमाने करा:

१. अल्बम पूर्ण डाउनलोड करा. यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यात असो की धुळ्याच्या मध्यावर, नेट कधी अडकेल याचा भरवसा नाही. लांब सुराच्या मध्येच बफरिंग आलं की सगळं विसकटतं. जाहिराती येणाऱ्या फुकटच्या सेवेवर ऐकणार असाल तर थांबा. शांत जागेनंतर अचानक साबणाची जाहिरात कानात फुटली की माणूस पुन्हा इकडे वळत नाही.

२. शफल बंद. ऑटोप्ले बंद, नाहीतर अल्बम संपताक्षणी ॲप आपल्या मनाने दुसरं काही लावतं.

३. क्रॉसफेड शून्यावर आणा, गॅपलेस चालू करा. क्रॉसफेडमुळे एका तुकड्याचा विरत जाणारा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकमेकांवर चढतात, दोन्ही नासतात. जे अल्बम सलग वाहतात, त्यांच्या एमपीथ्री फाइलमध्ये सुरुवातीला आणि शेवटी किंचित रिकामी जागा भरलेली असते. गॅपलेस नसेल तर दर सांध्यावर खळ्‌कन खाच ऐकू येते.

४. इक्वलायझर, बास बूस्ट, सराउंड, जे काही लावलेलं असेल ते काढा. आवाज समान पातळीवर आणण्याच्या सेटिंगमध्ये 'लाउड' निवडलेलं असेल तर 'नॉर्मल' करा. शांत आणि भरदार जागांमधलं अंतर राहू द्यायचं आहे.

५. एअरप्लेन मोड. ब्लूटूथ लागत असेल तर त्यानंतर वेगळं चालू करता येतं. घरात आजारी माणूस असेल किंवा आई-आबा गावाला एकटे असतील तर एअरप्लेन मोड नको, 'डू नॉट डिस्टर्ब' लावून त्यांच्याच नंबरला मोकळीक द्या. मनात धाकधूक ठेवून हे संगीत ऐकता येत नाही.

तपासणी: दोन्ही कानांत वेगवेगळा आवाज येतोय ना? फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत 'मोनो' चुकून चालू राहिलेलं मी अनेकदा बघितलं आहे. डावं-उजवं एक झालं की अल्बमची निम्मी जागा आटते.

## ४. इयरफोन की स्पीकर

फोनचा स्वतःचा स्पीकर बाद. तो खालचे सूर वाजवूच शकत नाही, त्यामुळे ज्या खर्जावर सगळं उभं आहे तोच गायब होतो आणि वरची भुरभुर तेवढी उरते.

साधे तारेचे इयरफोन पुरेसे आहेत. ते कानात नीट बसले पाहिजेत. रबरी टोपी सैल असली की खर्ज गळतो, तेव्हा दोन-तीन मापं लावून बघा. नॉइज कॅन्सलेशनचे असतील तर शांत खोलीत ते बंद करून बघा. काहींमध्ये त्याची स्वतःची बारीक सळसळ असते.

ब्लूटूथ स्पीकरची एक खोड ठाऊक असू द्या. आवाज फारच हळू झाला की काही स्पीकर गाणं संपलं असं समजून स्वतःला मिटून घेतात, आणि पुन्हा जागं होताना सुरुवातीचे दोन-तीन सेकंद गिळतात. शून्यातून हळूहळू उगवणारा तुकडा अशा स्पीकरवर मधूनच टपकतो. तुमचा तसा असेल तर तार लावा.

होम थिएटरवर ऐकणार असाल तर सबवूफर निम्म्याच्या खाली आणा. आपल्याकडे तो गाण्यांसाठी चढवलेला असतो. लांबच लांब खर्ज आला की पत्र्याची कपाटं आणि फडताळातली भांडी थरथरतात. लॅपटॉपवरून ॲम्प्लिफायरला तार जोडली आणि घुर्र आवाज आला, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बहुतेक वेळा घुरघुर तिथेच थांबते.

## ५. खोली ऐका

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा हाच आहे.

जिथे बसणार आहात तिथे काहीही न लावता पाच मिनिटं बसा. कागद घ्या. जे जे ऐकू येईल ते लिहा: फ्रिज, ट्यूबलाइटचा चोक, घड्याळ, इन्व्हर्टर, टाकी भरण्याची मोटर, शेजारची मालिका. मग एकेक विझवा.

भिंतीवरच्या घड्याळापासून सुरुवात करा. सेल काढा किंवा घड्याळ दुसऱ्या खोलीत न्या. टिकटिक बारीक असली तरी ती ठेका आहे, आणि बिनठेक्याच्या संगीतात कान त्या एकमेव ठेक्याला चिकटून बसतो. जुना चोक असेल तर ट्यूब बंद करून छोटा दिवा लावा. फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर मधलं दार लावा. तेवढ्याने भागत नसेल तर तासभर बंद ठेवला तरी दार न उघडल्यास काही बिघडत नाही. पुन्हा चालू करायची आठवण मात्र दारावर चिठ्ठी लावून ठेवा.

वीज जाते त्या वेळेचा फायदा घ्यायला शिका. वीज गेली की फक्त तुमचा फ्रिज थांबत नाही, अख्ख्या गल्लीचे पंखे, टीव्ही, मोटारी थांबतात. एरवी कधीच न मिळणारी शांतता एका क्षणात समोर येते. फोन चार्ज असेल आणि अल्बम उतरवलेला असेल तर इयरफोन लावायला तोच मुहूर्त. फक्त खोलीतला पंखा इन्व्हर्टरवर ठेवू नका. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर पंखा भुंग्यासारखा गुणगुणतो, आणि ती गुणगुण अल्बममधलीच वाटू लागते.

जे थांबवता येत नाही ते मान्य करा. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, अमळनेर इथे रुळांजवळ राहणाऱ्यांच्या रात्रीत मालगाडी येणारच. ती आली म्हणून अल्बम थांबवू नका. जाऊ द्या.

घरच्यांना आधी सांगा. "तासभर मी बसलोय, झोपलेलो नाही." हे न सांगितल्याने काय होतं ते मी अनुभवलं आहे. अंधारात डोळे मिटून बसलेला माणूस बघून आई दोनदा विचारून गेली, "बरं नाही का रे?" तिसऱ्यांदा कपाळाला हात लावून बघितला, आणि मी अल्बम तिथेच बंद केला.

## ६. कान जागेवर आणा

दिवसभर दुकान, बाजार समिती, एसटी स्टँड यांत घालवलेला कान लगेच हळू आवाजाला बसत नाही. पाच मिनिटं तानपुऱ्याचं ॲप लावा, अगदी हळू. चारच तारा, पण थोड्या वेळाने छेडलेल्या तारांपलीकडचे सूर ऐकू येऊ लागतात. गाणारे लोक नीट लागलेल्या तानपुऱ्यात स्वयंभू गंधार ऐकतात, तो असाच. एका सुराच्या आत बघण्याची जी सवय इथे लागते, तीच पुढे तासभर वापरायची आहे.

सावध: तानपुरा फक्त सरावासाठी. त्यानंतर बंदिश येईल, सम येईल अशी वाट अल्बममध्ये पाहू नका. इथे तानपुऱ्यापुढे कोणी गाणारा बसलेला नाही.

## ७. आवाज एकदाच ठरवा

बहुतेकांचं इथेच चुकतं. अल्बम शून्यातून सुरू होतो, काही ऐकू येत नाही म्हणून आवाज चढवला जातो, मग भरदार भाग आला की कान दुखतो, मग उतरवला जातो, आणि तासभर बोट बटणावरच राहतं.

त्याऐवजी असं करा. प्ले दाबण्याआधी अल्बमच्या मधल्या एखाद्या भरलेल्या जागेचे ३० सेकंद ऐका. घरातल्या कोणाला तरी हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. इयरफोन असतानाही कोणीतरी बोलतंय एवढं कळलं पाहिजे, स्पीकर असेल तर शब्दही कळले पाहिजेत. तिथे आवाज थांबवा आणि पुन्हा सुरुवातीवर या.

फार खालीही नेऊ नका. आवाज कमी होत गेला की माणसाच्या कानाला खर्ज आधी ऐकू येईनासा होतो, वरचे सूर नंतर. खर्ज हरवला असं वाटलं तर दोन रेघा वाढवा, त्यापेक्षा जास्त नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं, आणि या संगीताला बोलण्याएवढी पातळी पुरते.

तपासणी: पहिल्या मिनिटात जवळपास काहीच ऐकू येत नसेल आणि तुम्ही मधल्या जागेवरून आवाज लावलेला असेल, तर सगळं बरोबर आहे. हात मांडीवर ठेवा.

## ८. पहिली दहा मिनिटं

पाठ टेकून बसा. पहिल्या वेळी आडवं पडू नका. डोळे मिटा किंवा एका जागी ठेवा, फोन पालथा आणि हाताच्या अंतराबाहेर.

मन विचारेल, गाणं कधी सुरू होणार? माझा धुळ्याचा मावसभाऊ पहिल्यांदा बसला तेव्हा चौथ्या मिनिटाला डोळे उघडून म्हणाला, "हाई काय शे भो?" त्याला मी तेव्हा एकच काम दिलं, तेच तुम्हाला देतो: सगळं एकदम ऐकू नका, एकच थर धरा.

आधी तळ शोधा, म्हणजे जो सूर थांबतच नाही तो. सापडला की त्यावर दोन मिनिटं राहा. तो खरंच स्थिर आहे का? बहुधा नसतो. हळूहळू उजळतो, परत मंदावतो. मग त्यावर पडणारे सुटे सूर धरा. सूर कधी लागला यापेक्षा तो विरतो कसा, त्याची आस किती लांब जाते, ते ऐका. मग घुमारा: आवाज छोट्या खोलीतला वाटतो, देवळाच्या गाभाऱ्यातला की उघड्या रानातला? आणि शेवटी खरखर, सळसळ, टेपचा श्वास. बिघाड वाटतो तो बहुतेक वेळा मुद्दाम ठेवलेला असतो.

"तेच तेच वाजतंय" असं वाटायला लागलं की ही गोष्ट आठवा. 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'च्या दुसऱ्या तुकड्यात माणसांच्या गळ्यातले नुसते 'आ'चे सूर आहेत, वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या लूपांवर फिरणारे. लांबी वेगळी असल्याने ते दर फेरीला नव्याने एकमेकांना भेटतात. गणित करून बघा: समजा तीन लूप १७, १९ आणि २३ सेकंदांचे आहेत. तिघं पुन्हा एकत्र सुरू व्हायला १७ × १९ × २३, म्हणजे ७४२९ सेकंद लागतील, दोन तासांहून जास्त. तोवर प्रत्येक जुळणी नवी. शेतावरून परतताना बैलजोडीच्या गळ्यातल्या घुंगरमाळा ऐकल्या असतील तर हे कानाला ओळखीचं आहे. दोघांची चाल किंचित वेगळी असते, नाद कधी एकत्र पडतो, कधी सुटतो. लूपच्या तुकड्यात तो एकत्र पडण्याचा क्षण टिपायचा.

## ९. मधला भाग

पंधराव्या-विसाव्या मिनिटाला मन भटकतं. उद्याचं बियाण्याचं बिल, मुलाची फी, कोणाशी तरी झालेलं बोलणं. भटकू द्या. हे संगीत लक्ष देऊन ऐकता यावं आणि लक्ष सुटलं तरी चालावं, असंच केलेलं असतं. लक्षात आलं की शांतपणे तळाच्या सुरावर परत या. मागे नेऊन "हुकलेलं" पुन्हा लावू नका.

तीन गोष्टी मात्र करायच्या नाहीत: ट्रॅकचं नाव बघायला फोन उचलणं, किती वेळ उरला ते बघणं, शेजारी बसलेल्याला "हे ऐक, हे ऐक" म्हणणं. चौघं मिळून ऐकत असाल तर बोलायचं ते संपल्यावर, हे आधीच ठरवा.

झोप लागली तर? लागू द्या, पण तो अल्बम ऐकला असं मोजू नका. दुसऱ्या दिवशी वेळ बदलून पुन्हा पहिल्यापासून बसा. अस्वस्थ वाटलं, छातीत दडपण आलं तर हट्ट नको. डोळे उघडा, दिवा लावा, बंद करा. गडद अल्बममध्ये असं होऊ शकतं. पुढच्या वेळी उजळ निवडा.

## १०. शेवट

अखेरचा सूर विरतो तेव्हा तो नेमका कुठे संपला, हे कळत नाही. तिथे दोन मिनिटं तसेच बसा, इयरफोन न काढता. मग काढा, आणि पाचव्या टप्प्यात लिहिलेला कागद आठवून खोली परत ऐका. लांबचं कुत्रं, पाण्याच्या टाकीतली टिपटिप, कोणाच्या तरी विहिरीवरची मोटर, सगळं वेगळं, जवळ आल्यासारखं लागतं. मला अजूनही दर वेळी याचं नवल वाटतं. कागदाच्या मागे तारीख, अल्बम, आवाजाची पातळी आणि एखाद-दुसरी लक्षात राहिलेली जागा लिहा. "आवडलं", "नाही आवडलं" एवढ्यात लिहू नका.

आता घड्याळाचा सेल परत लावा. फ्रिज चालू करा.

## ११. दुसऱ्यांदा ऐकताना

तीन-चार दिवसांनी तोच अल्बम, त्याच पातळीवर, त्याच जागी लावा. नवा अल्बम घ्यायचा मोह होतो, आवरा. दुसऱ्या फेरीत कानाला पुढचं थोडं ठाऊक असतं आणि वाट पाहणं कमी होतं. लोकांना गोडी लागते ती बहुधा याच फेरीत. कागदावर लिहिलेली जागा आली की ती तशीच लागते का ते बघा.

तिसऱ्यांदा उलटं करा. खिडकी उघडी ठेवा, स्पीकरवर अगदी हळू लावा आणि शेंगा फोडा, मेथी निवडा, नाहीतर शाळेच्या वह्या तपासा. पहिल्या दोन वेळा ज्यांनी नीट बसून ऐकलं आहे, त्यांना हातातलं काम चालू असतानाही तळाचा सूर सापडतो. सापडला नाही तर आवाज चढवू नका. काम बाजूला ठेवून पाच मिनिटं तानपुरा ऐका आणि मग पुन्हा लावा.